धड कापड कापताना

आत्या इचलकरंजीहून आठ दिवसांसाठी आमच्याकडे पुण्याला आली होती. लेकीला दहावा महिना लागलेला, रांगण्याला नुकता वेग आलेला. रविवारी दुपारी ती झोपली तशी मी जेवणाच्या टेबलावर कापड पसरलं, पट्टी ठेवली आणि पाच-पाच इंचांचे चौकोन कापायला घेतले. आत्या समोर बसून मेथी निवडत होती. बघता बघता तिचा हात थांबला.

“कोरं आहे का गं हे?”

“हो. पाच रंग आणलेत, प्रत्येकी पाऊण मीटर.”

“कुठं फाटलंय? डाग पडलाय?”

“नाही. गोधडीसाठीच आणलंय.”

“म्हणजे धड कापड विकत आणायचं, त्याचे तुकडे करायचे आणि तेच तुकडे परत एकमेकांना जोडायचे.”

आवाजात टोमणा नव्हता. तिला ते खरोखरच कळत नव्हतं आणि समजून घ्यायचं होतं. मला उत्तर सापडलं नाही. पुढचे सहा दिवस, लेक झोपली की किंवा तिला भरवता भरवता, आम्ही दोघी याच प्रश्नाभोवती बोलत राहिलो.

आत्यानं सत्तावीस वर्षं घरी मशीन चालवलं. यजमान यंत्रमागावर, बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. दोन मुलं. दोन खोल्यांच्या घरात खिडकीखाली पायमशीन, आणि त्यावर गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊज, परकर, पोरांचे शाळेचे गणवेश. लग्नसराईत रात्रीचे दोन वाजायचे. माझ्या बाळंतविड्यातली झबली, टोपडी, लंगोट, कुंची सगळं तिच्या हातचं. त्यातलं एक झबलं आईनं जपून ठेवलं होतं, ते माझ्या लेकीनंही घातलं. शिवणातलं तिला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं. म्हणून तिचा प्रश्न मला झटकता येईना.

“आमच्याकडं कापड असं एकदम तुकड्यांवर येत नव्हतं,” ती म्हणाली. “लुगडं मधून विरलं की दंड घालायचा. विरलेला भाग काढून टाकायचा, दोन्हीकडची धड टोकं जोडायची, की आणखी दोन वर्षं नेसायला मिळायचं. ते विरलं की त्याची दुपटी, लंगोट. त्यातनं उरेल ते वाकळीत. वाकळ फाटली की ती नव्या वाकळीच्या पोटात. अगदीच लक्तरं झाली की मग पोतेरं. तू तर सुरुवातच तुकड्यांपासून करतेस.”

“मी दोनदा धुवून घेतलंय. नंतर आटायला नको आणि रंग जायला नको म्हणून.”

तिनं एक चौकोन उचलला, अंगठा आणि तर्जनीत धरून चोळला. “खळ आहे अजून.”

ही गोष्ट तिला हातानं कळते, कारण ती मागाच्या गावात राहते. माग चालताना ताण्याचे धागे तुटू नयेत म्हणून त्यांना आधी खळ लावतात. इचलकरंजीत त्यासाठी सायझिंगचे वेगळे कारखाने आहेत. कापड विणून झाल्यावर ती खळ बरीच धुतली जाते, पण उरलेली थोडी, वर दुकानात विकण्याआधी दिलेली कडक इस्त्री, शिवाय धाग्याचा स्वतःचा ताठरपणा, हे सगळं निघून जायला वर्ष-दोन वर्षांची धुणी लागतात. जुन्या सुती साडीचा मऊपणा विकत मिळत नाही तो यामुळे. तान्ह्या बाळाला जुन्याच कापडात गुंडाळायचं ही पद्धतही त्यातूनच आली असणार. बिहारमध्ये नव्या बाळासाठी जुन्या साड्यांची सुजनी शिवतात, आपल्याकडे दुपटी शिवतात. काटकसर दोन्हीकडे आहे, पण बाळाच्या कातडीचा विचारही आहे.

“मग तू मऊपणासाठी शिवत नाहीस, थंडीसाठी शिवत नाहीस, काटकसरीसाठी तर नाहीच. कशासाठी शिवतेस?”

मी खरं ते सांगितलं. “आत्या, दिवसभरात मी काय ठरवते? हिची भूक कधी ते ती ठरवते. झोप ती ठरवते. ऑफिसची मीटिंग कधी ते तिकडचे लोक ठरवतात. भाजी काय करायची तेही फ्रिजमध्ये काय उरलंय त्यावर ठरतं. इथं पिवळ्याच्या शेजारी निळा ठेवायचा की मातकट, हे फक्त मी ठरवते. चुकलं तर उसवते. कुणाचं काही बिघडत नाही.”

आत्यानं मेथीची जुडी संपवली. मग म्हणाली, “ते आम्हीपण ठरवायचोच की.”

आणि तिनं लाल तुकड्याची गोष्ट सांगितली. चिंध्यांचं तिचं एक बोचकं होतं, माळ्यावर. ब्लाऊज शिवून उरलेली कातरणं त्यात साठायची. एकदा कुणाच्या तरी खणाच्या चोळीतलं वीतभर लाल उरलं, काठासकट. ते तिनं तीन वर्षं कुठल्याच वाकळीला लावलं नाही. ज्या वाकळीत ते शोभेल ती वाकळ होईपर्यंत ते बोचक्यात ठेवलं. मग एका दिवाळीच्या आधी मोठी वाकळ घेतली आणि ते लाल बरोबर मधोमध बसवलं, चारही बाजूंना पांढऱ्या धोतराच्या पट्ट्या.

“का गं मधोमध?”

“बरं दिसत होतं.” ती जरा लाजली. “तेवढंच आपलं.”

मला वाटलं मी जिंकले. पण तिनं लगेच पुढचं सांगितलं. “पण मी त्या लालासाठी वाकळ केली नाही. वाकळ करायचीच होती, थंडी होती, त्यात लाल बसवलं. तुझं उलटं आहे. तुला लाल बसवायचंय, म्हणून वाकळ करतेस.”

हे इतकं नेमकं होतं की मी त्यावर दोन दिवस काहीच बोलले नाही.

सोमवारी वाद झाला तो मायेवरून. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात त्याला आपण माया म्हणतो. लहान मुलांच्या कपड्याला भरपूर माया ठेवायची, मूल वाढलं की शिवण उसवून कपडा मोठा करायचा, हे आत्याचं पहिलं तत्त्व. मी शिकले ती तुकडेजोडीची पद्धत निराळी, तिथं पाव इंच माया ठेवतात, सगळीकडे सारखी. तरच चौकोनांचे कोपरे एकमेकांना जुळतात.

“पाव इंच?” तिनं माझ्या जोडलेल्या दोन पट्ट्या ताणून पाहिल्या. “हातमागाचं कापड आहे. कडेचे धागे सुटतात याचे. दहा धुण्यांत शिवण उघडेल. अर्धा इंच ठेव.”

“मग माप बिघडतं. पाच इंचांचा चौकोन पाव इंच मायेनं जोडला की साडेचारचा उरतो. रुंदीला दहा, लांबीला सोळा, असे एकशे साठ चौकोन. पंचेचाळीस इंच बाय बहात्तर. अर्धा इंच ठेवली तर चौकोन चारचा उरेल आणि गोधडी आठ इंचांनी आखूड होईल.”

“होऊ दे आखूड. टिकेल.”

“पण मग ती शाळेत जाईपर्यंत पुरणार नाही.”

या एका वाक्यावर ती थांबली. तिला टिकाऊपणा हवा होता, मला माप. दोन्हींच्या मागे एकच मूल होतं आणि ते आमच्या पायाशी बसून चमचा वाजवत होतं. शेवटी तोड तिनंच काढली. माया पाव इंचच, पण मशीनची टीप बारीक करायची. आणि सगळ्या शिवणी एकाच बाजूला दाबून त्यांच्यावरून हाताचा धावदोरा न्यायचा, म्हणजे आतली कड तीन थरांत पकडली जाते, सुटली तरी उघडी पडत नाही. मी पाहिलेल्या कुठल्याही व्हिडिओत हे असं सांगितलेलं नव्हतं.

मंगळवारी ती माझ्यावर रागावली, आणि या बाबतीत तिचं बोलणं पूर्ण खरं होतं.

मी टाचण्या वापरत होते, काचेच्या रंगीत डोक्यांच्या. लेक झोपेतून उठली, आत्यानं तिला खाली सोडलं, आणि दोन मिनिटांत ती टेबलाच्या पायापाशी बसून फरशीवर काहीतरी निरखत होती. आत्या वयाच्या मानानं फार चपळाईनं धावली. हिरव्या डोक्याची टाचणी होती. लेकीचा हात तिथपर्यंत पोहोचायचा होता.

“टाचण्या किती आहेत तुझ्याकडं?”

“डबीभर. शंभर असतील.”

“असतील म्हणजे? मोजल्या नाहीस?”

मी गप्प.

“सुया?”

“त्याही... आठ-दहा.”

तिनं लेकीला कडेवर घेतलं आणि सांगितलं. थोरला वर्षाचा होता तेव्हा तिची हातसुई हरवली. मशीनवरून उठताना दिसली नाही. संध्याकाळ होती, वीज गेलेली. कंदिलाच्या उजेडात तिनं गादी झटकली, अंथरुणं झटकली, पोराचे कपडे काढून एकेक शिवण चाचपली. रात्रभर त्याला मांडीवर घेऊन बसून राहिली, खाली ठेवलं नाही. सकाळी सुई सापडली ती तिच्याच परकराच्या नेफ्यात. त्या दिवसापासून घरात सातच हातसुया. पत्र्याच्या डबीत, चिंधीच्या गुंडाळीत टोचलेल्या. उठायच्या आधी सात मोजायच्या आणि मगच उठायचं, दारात कुणीही आलं तरी. मोडलेली सुईसुद्धा दोन्ही तुकडे मिळाल्याशिवाय टाकायची नाही.

त्या दुपारी आम्ही सगळं आवरलं. टाचण्या बंद, त्यांच्याऐवजी प्लास्टिकचे मोठे चिमटे. गोल पात्याचं कटर कपाटावर, पातं झाकून. एक लोहचुंबक दोरीला बांधून उठताना टेबलाखालून फिरवायचा. आणि सात सुया. मूल रांगतं असताना घरी शिवणाऱ्या प्रत्येकीला मला हेच सांगावंसं वाटतं. ही यादी माझी नाही, आत्याच्या त्या रात्रीची आहे.

खरं भांडण बुधवारी झालं, रात्री साडेदहाला. लेक झोपली होती. मी दिवा टेबलाकडे वळवून बसले होते. आत्या पाणी प्यायला उठली.

“झोपत का नाहीस?”

“हाच वेळ मिळतो.”

“दोनदा उठते ती रात्रीची. तुझे डोळे बघ. आम्ही रात्री शिवायचो कारण सकाळी ब्लाऊज द्यायचा असायचा. तुला कुणाला काय द्यायचंय? तुझी बाळंतपणाची रजा झाली, पगारी झाली. आम्हाला हे मिळालं असतं तर आम्ही झोपलो असतो, बाई.”

रजा पगारी होती हे खरं. 2017 साली कायदा बदलला आणि पहिल्या दोन मुलांसाठी बारा आठवड्यांची रजा सव्वीस आठवड्यांची झाली. माझ्या सव्वीस आठवड्यांत मी एक टाकाही घातला नव्हता. शिवायला लागले ती कामावर परत गेल्यावर. याचं कारण मला तेव्हा सांगता आलं नाही, त्याऐवजी मी आकडे सांगितले. 2019 साली सरकारनं देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. तेव्हा घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात घालवत होत्या, आणि जे पुरुष घरकाम करत होते ते 97 मिनिटं. मुलाबाळांचं, म्हाताऱ्यांचं करणं त्यात धरलेलंच नाही, ते वेगळं मोजलंय. “एवढ्यातून चाळीस मिनिटं मी माझ्यासाठी काढली तर काय चुकलं?”

आत्या खुर्ची ओढून बसली. “तुझी ही गोधडी त्या 299 मध्ये धरली का?”

प्रश्न चांगला होता. मी तिला समजावलं. त्या पाहणीत दिवसभराच्या कामांचे नऊ मोठे गट आहेत. दुसऱ्याचे ब्लाऊज पैसे घेऊन शिवले तर ते पहिल्या गटात, रोजगारात. घरच्या वापरासाठी काही नवं शिवलं तर दुसऱ्या गटात, स्वतःसाठी वस्तू तयार करणं. नवऱ्याच्या शर्टाला बटण लावलं, पोराच्या चड्डीला ठिगळ लावलं तर तिसऱ्या गटात, बिनपगारी घरकाम. आणि छंद म्हणून शिवलं तर आठव्यात, जिथं खेळ, करमणूक, छंद आहेत.

“एकच धावदोरा?”

“एकच धावदोरा.”

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग बोटांवर मोजत म्हणाली, “ब्लाऊज पहिल्यात. वाकळ दुसऱ्यात. ठिगळं तिसऱ्यात. सत्तावीस वर्षांत आठव्यात मी कधी नव्हतेच म्हणायची.”

“लाल तुकडा?”

“तो कुठं धरायचा?”

मला माहीत नव्हतं. तीन वर्षं बोचक्यात थांबलेला तो तुकडा दुसऱ्या गटातल्या वाकळीत बसला होता. पण तो मधोमध बसवताना तिच्या हाताला जे झालं असेल ते दुसऱ्या गटाचं नव्हतं, एवढं मी ठामपणे म्हणेन.

“शिवण आम्हाला शिकवली ती पोटासाठी,” ती म्हणाली. महिला मंडळाच्या शिवणवर्गात ती शिकली होती. आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे. रमाबाई रानड्यांनी 1909 साली पुण्यात सेवासदन सुरू केलं, तिथल्या वर्गांमध्ये शिवण होती, ती बायकांना स्वतःच्या पायावर उभं राहता यावं म्हणून. त्या शिवणीनं किती घरं तगली असतील. आत्याचं घर त्यांतलं एक. “म्हणून हौस हा शब्द मला टोचतो. जिच्या घरी चूल त्या मशीनवर पेटते तिला तू हौस म्हटलेलं कसं वाटेल?”

“मी तुझ्या शिवणीला हौस म्हणत नाही. माझ्या शिवणीला म्हणते.”

“मशीन एकच ना?”

इथं मी तिच्याशी सहमत नाही, आणि ते तिला सांगितलं. पोटासाठी कुणी स्वयंपाक करतं म्हणून दुसरीनं आवडीनं केलेला स्वयंपाक खोटा ठरत नाही. उलट मला वाटतं, ज्या कामात आत्यासारख्या बायकांनी इतकी अक्कल ओतली, ते काम केवळ गरज संपली म्हणून घरातून गेलं तर त्यांचंच नुकसान होईल. दंड घालणं मला या आठवड्यात कळलं. तयार झबली घेणाऱ्या माझ्या मैत्रिणींपैकी एकीलाही तो शब्द ठाऊक नाही.

“बरं,” ती म्हणाली. “मग एक सांग. मी शिवत असताना पोरं कुणी धरली?”

“कुणी?”

“कुणीच नाही. हातानं हेम घालायची असली की पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायचे. मशीनवर असले की दोन्ही पाय अडकलेले, मग पोरगं शेजारी पाटावर, कमरेला पदर बांधून मशीनच्या पायाला अडकवलेलं. रडलं तर रडलं. माझ्याकडं दुसरा इलाज नव्हता. तुझ्याकडं आहे. नवरा घरात आहे. आणि तू रात्री साडेदहाला दिवा वळवून चोरासारखी शिवतेस. हौस आहे ना? मग ती उजेडात कर. त्याला सांग, शनिवारी चार ते सहा पोर तुझी.”

“तो नाही म्हणणार नाही गं. पण तोही आठवडाभर दमलेला असतो, मागायला मला बरं वाटत नाही. कामासाठी मागितलं असतं. छंदासाठी...”

“बघ,” आत्या म्हणाली. “तुलापण तो आठवा गट खरा वाटत नाही.”

त्या रात्री मी दिवा घालवला आणि झोपले.

गुरुवारी वरची बाजू जोडून झाली. मधल्या थरासाठी मी बाजारातून पॉलिएस्टरचा फुगीर थर आणायचा विचार करत होते. आत्यानं तिच्या पिशवीतून एक साडी काढली. फिकट जांभळी, सुती, घरी नेसायची. इतकी धुतलेली की काठाचा रंग आणि अंगाचा रंग जवळजवळ एक झालेला.

“ही घाल पोटात.”

“तू नेसतेस ना ही?”

“दुसऱ्या आहेत.”

साडी साडेपाच मीटर. तीन घड्या घातल्या की बरोबर सहा फूट, आणि पन्हा पंचेचाळीस इंच. माझी वरची बाजू बहात्तर बाय पंचेचाळीस होती. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. माप मी एका व्हिडिओवरून धरलं होतं, आणि ते आत्याच्या साडीच्या तीन घड्यांशी इंचाइंचानं जुळलं.

फरशी पुसून कोरडी केली. खाली पाठीचं कापड, त्यावर साडीचे तीन थर, वर चौकोन. चार कोपऱ्यांवर चार जड डबे. लेक वारंवार मधोमध येऊन बसत होती, तिला बाजूला ठेवायचं आणि परत सुरकुत्या काढायच्या, असं चाललेलं. आधी मोठे कच्चे टाके घालून थर धरून ठेवले. मग पक्का धावदोरा कुठून सुरू करायचा यावर पुन्हा दोन मतं.

“मधून कडेकडे,” मी म्हणाले. “म्हणजे कापडाचा फुगवटा बाहेर सरकत जातो.”

“कडेनं सुरू करायचं आणि फिरत फिरत मधे यायचं. वाकळ अशीच असते.”

मला सिद्दी बायकांच्या कवंदीची आठवण झाली. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, येल्लापूर भागात आफ्रिकी वंशाचे सिद्दी राहतात, त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगीज गोव्यातून गुलामीतून सुटून त्या जंगलात आले असं सांगतात. त्यांच्या बायका कवंदी शिवतात ती कडेपासून आत. पण त्या तुकडे आधी जोडून घेत नाहीत, शिवत शिवतच एकेक तुकडा लावत जातात, त्यामुळे फुगवटा साठायला जागाच राहत नाही. शेवटी चारही कोपऱ्यांना तुकड्याच्या घडीची छोटी त्रिकोणी फुलं लावतात. फुलांशिवाय कवंदी त्यांच्या लेखी उघडीबोडकी.

आत्यानं हे लक्ष देऊन ऐकलं. “तेही तुकडे लावत जातात का? मग बरोबर आहे. आमचीपण तशीच. तुझी वरची बाजू आधीच जोडलेली आहे, ताठ. तुझी मधूनच घे.” आणि थोड्या वेळानं, “फुलं लावू आपण.”

धाव्याच्या दोन ओळींत बोटभर अंतर, म्हणजे दोन सेंटिमीटर. पंचेचाळीस इंचांत सत्तावन्न ओळी, प्रत्येक ओळ सहा फुटांची. हिशेब केला तर शंभर मीटरच्या वर धावदोरा होतो. मला एका मीटरला दहा मिनिटं लागतात. सतरा तासांच्या आसपास काम. शनिवारचे दोन तास धरले तर आठ-नऊ शनिवार. तोवर लेक वर्षाची होत येईल. वर्षाच्या आत झोपलेल्या बाळाच्या अंगावर सैल पांघरूण नको, नाकातोंडावर येतं, असं डॉक्टर सांगतात. म्हणजे वाढदिवसापर्यंत ही गोधडी खाली अंथरून खेळायला, आणि अंगावर घ्यायची ती त्यानंतर. आत्याला हे पटलं नाही, आम्ही सगळी वाकळीतच वाढलो म्हणाली. मी मात्र यात मागे हटले नाही.

शुक्रवारी रात्री जेवताना मी नवऱ्याला सांगितलं. आत्या ताटावरून उठून गेली नाही, मुद्दाम बसून राहिली. मी “जमेल का” असं म्हणायला सुरुवात केली आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. मग मी वाक्य बदललं. उद्या चार ते सहा मी शिवणार आहे, हिला तू बघ. आणि फक्त उद्याच नाही, दर शनिवारी. तो म्हणाला, हो. मग विचारलं, खिमटी कधी द्यायची. एवढंच झालं. इतक्या महिन्यांत हे का मागितलं नव्हतं, याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही.

शनिवारी चारला तो तिला घेऊन खाली बागेत गेला. मी फरशीवर गोधडीच्या मधोमध बसले. आत्या पलीकडे कोपऱ्यापाशी बसली, तिच्या मांडीवर कातरणांचा ढीग. ती फुलांच्या घड्या घालत होती. रविवारी कापलेल्या कोऱ्या कापडाची कातरणं होती ती. एकही तिनं टाकू दिली नव्हती. एक तुकडा उजेडात धरून म्हणाली, “कापड चांगलं होतं. याचा फ्रॉक झाला असता.” तिचं मत तेच होतं आणि हात चालू होता.

मी डबी उघडली. सात. एक काढली. अंगुस्तान बोटात घातलं.

तेवढ्यात जिन्यातून रडण्याचा आवाज आला. तिचाच. मी गुडघ्यावर उठले. सुई हातातच होती.

“बस,” आत्या म्हणाली. “त्याच्याकडं आहे ती.”

आवाज एक मजला खाली गेला, मग आणखी एक. मग वाढला. माझा हात इतका थरथरत होता की दोरा नेढ्यातून जाईना. आत्यानं हात पुढे केला नाही, मदत केली नाही. ती फुलाचा तिसरा कोपरा दुमडत राहिली.

“दोऱ्याचं टोक तिरकं काप,” ती म्हणाली. “आणि परत ओव.”